शुक्रवारची साखर

१

नकाशेवाले मंगळवारी सकाळी गेले, आणि शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्यांची साखर एकशे एकतीस होती.

सुईकाकांनी आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. सदतीस वर्षं त्यांनी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं होतं. रस्त्यात भेटलेल्याचा चेहरा त्यांना आठवायचा नाही, पण बाही वर केली की माणूस ओळखायचे. ही शीर पळणारी, ही लाजरी, ही आत दडून बसणारी. माणसांचीही त्यांनी मनाशी साधारण अशीच वर्गवारी लावून टाकली होती. पण गेलेल्या माणसाची साखर चढताना ते पहिल्यांदाच पाहत होते.

“काका, एक सांगा,” नकाशेवाल्यांची लेक फोन त्यांच्यासमोर धरून म्हणाली, “गेलेल्या माणसाला चहा लागतो का? रोज चारला बाबांची साखर वर जाते. आजही गेली.”

फोनवर एक रेघ होती, डोंगर-दऱ्यांसारखी. नकाशेवाल्यांच्या दंडावर शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी एक चकती चिकटवलेली असायची. तिच्या खाली केसाएवढी बारीक तार कातडीत शिरलेली. दर पाच मिनिटांनी ती साखर मोजायची आणि आकडा जवळच्या फोनला कळवायची. तिथून तो दूरच्या शहरात लेकीच्या फोनवर उमटायचा. मग लेक विचारायची, “बाबा, साडेअकराला एकशे ब्याण्णव का?” नकाशेवाले मित्रांत म्हणायचे, “लेकीला सासरी पाठवली, ती येऊन माझ्या दंडावर बसली.”

“मंगळवारचं बघा,” लेक म्हणाली. “आठ चाळीसला अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी बोट टोचलं, साखर सत्तावीस. आणि त्याच वेळी माझ्या फोनवर दीडशेच्या आसपास. एका माणसाची साखर एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असेल?”

“नसते. माणसं दोन असतात.”

“तेच म्हणतेय मी. खरी चकती दुसऱ्याच कुणाच्या अंगावर आहे. बाबांची साखर उतरली तरी मला गजर येऊ नये म्हणून.” तिनं पर्समधून एक पाकीट काढलं. “ही बाबांच्या दंडावर होती. मी आले तेव्हा मीच काढली.”

सुईकाकांनी चकती उलटी केली. वरची पट्टी नवीकोरी होती. खाली मात्र जुन्या गोंदाची काळी कड, त्यात लोकरीचे तंतू अडकलेले. तार मुळाशी मोडलेली. चौदा दिवस भरून संपलेली जुनी चकती कुणीतरी नव्या पट्टीनं पुन्हा चिकटवली होती. नुसती दिसायला.

“ज्या फोनला आकडे जातात तो कुठाय?”

“बाबांच्या टेबलावर. चकतीपासून वीस पावलांच्या पलीकडे तो आकडा पकडत नाही. म्हणजे चकती या घरातच आहे ना?” लेकीचा आवाज खाली आला. “दादा जहाजावर, अजून दोन बंदरं लांब. आईला आज वार कुठला ते सांगता येत नाही. इंजेक्शन रोज वहिनी भरून द्यायची. राहिलं कोण?”

दाराशी नकाशेवाल्यांची बायको उभी होती, अंगात राखाडी स्वेटर. ती चौकटीला पाठ घासत होती, हळूहळू, डोळे मिटून.

“उद्या सकाळी मी पोलीस चौकीत जाणार आहे,” लेक म्हणाली. “खून हा शब्द मी वापरणार नाही. तुम्ही फक्त हा आलेख वाचून कागदावर लिहून द्या. शब्द ते शोधतील.”

२

सून स्वयंपाकघरात कप पुसत होती. एकच कप बराच वेळ.

“या काका. तुमचीच वाट बघत होते. हातात बेड्या आणल्यात का?”

“मी सुईवाला, बाई. माझ्याकडं फक्त रबरी पट्टा असतो.”

ती हसली नाही, पण कप खाली ठेवला.

“मंगळवारचं सांग.”

“सातला बाबांना इंजेक्शन भरून दिलं. त्यांनीच टोचून घेतलं. ताट वाढून झाकून ठेवलं, रोजच्यासारखं. शर्टाच्या खिशात साखरेच्या चार गोळ्या टाकल्या, त्याही रोजच्यासारख्या. साखर उतरली तर हाताशी असाव्यात म्हणून. मग मी कपडे घेऊन गच्चीवर गेले. सव्वाआठला खाली आले, तर बाबा खुर्चीत. मान एका बाजूला.” तिनं फडक्याची घडी घातली. “आई शेजारी बसून त्यांचा हात थोपटत होत्या. मला म्हणाल्या, हळू बोल, झोपलेत.”

“ताट?”

“झाकलेलंच. खुर्चीपासून सहा पावलांवर. पहिल्या दिवसापासून मी तेवढंच मोजतेय.”

“आणि गोळ्या?”

“खिसा रिकामा होता. ताईंना वाटतं मी टाकल्याच नाहीत.”

“चकती कोण बदलायचं?”

“ते स्वतः. चौदा दिवसांनी एकदा दोघं नवराबायको खोलीत जायचे आणि कडी लावायचे.” तिचा चेहरा जरासा सैल झाला. “मी ह्यांना म्हणायचेसुद्धा, या वयात कसलं गुपित चाललंय.”

“गजर वाजायचा?”

“वाजायचा की. पण काका, बाबांची एक गंमत होती. गजर झाला की माणसं साखर शोधतात ना? ते चपला शोधायचे.”

सुईकाकांनी मान वर केली. “चपला?”

  नको ते बोलून गेल्यागत सुनेनं पुसलेला कप पुन्हा उचलला.

“मंगळवारी गजर झाला होता?”

“मी गच्चीवर होते.”

“नकाशे बाहेर गेले होते का सकाळी?”

“नाही.” उत्तर फार लवकर आलं. “घराबाहेर पडलेच नाहीत ते.”

“त्यांचा फोन चार्जिंगला कोण लावतं आता?”

“मी.” ती पाठ करून उभी राहिली. “बंद पडू द्यावासा वाटत नाही.”

सुईकाका बाहेरच्या खोलीत आले. या घरात चपला दाराशी, फळीवर. नकाशेवाल्यांची तशी शिस्तच होती, पाहुण्यांनाही ते उभं करून शिकवायचे. पण त्यांची स्वतःची जोडी अजून खुर्चीच्या पायाशी पडलेली होती. सुईकाकांनी वाकून एक चप्पल उलटी केली. तळव्याला गवत चिकटून वाळलेलं होतं, आणि अंगणात तर सगळी फरशी.

सून खोटं बोलत होती.

३

“सुईवाले का? आज कुठला हात?” नकाशेवाल्यांच्या बायकोनं दोन्ही बाह्या वर केल्या. दोन्ही दंड मोकळे होते.

“आज सुट्टी, वहिनी. गप्पा मारायला आलोय.”

“मग हळू मारा. ते झोपलेत.”

 सुईकाकांनी खुर्ची जवळ ओढली. “तुम्ही नाही झोपत दुपारी?”

“झोपते की. जेवले की आडवी. छताला वाळवीनं रस्ते काढलेत, ते बघत पडते. ते नाही झोपत. त्यांचं काय बाई, दुपारी झोपणाऱ्याच्या नकाशात नदी डोंगरावर चढते म्हणतात.” ती स्वतःच हसली. मग तिनं खांदे हलवले आणि खुर्चीच्या पाठीला पाठ घासली.

सुईकाका लेकीनं छापून आणलेला आलेख घेऊन बराच वेळ बसले. माणूस मेला ही गोष्ट बाजूला ठेवून त्यांनी रेघ अशी वाचायला घेतली जशी ते नावाची चिठ्ठी नसलेली बाटली वाचत. ही कोण आहे, काय खाते, कधी झोपते?

रोज दुपारी दोन ते तीन खड्डा होता. साखर एकदम खाली, आणि तीनला जशीच्या तशी वर. खरी साखर अशी लिफ्टनं ये-जा करत नाही. चकतीवर वजन पडलं की ती खोटाच कमी आकडा दाखवते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे चकतीचा धनी दुपारी तिच्यावर झोपतो. आणि नकाशेवाले दुपारी झोपत नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी होती, आणि ती आधी कशी दिसली नाही म्हणून सुईकाका स्वतःवरच चिडले. रेघ मधे मधे तुटत होती. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. फोन आणि चकती वीस पावलांहून लांब गेली की असं होतं, आणि पाच मिनिटं संपर्क नसला की फोन गजर करतो. पण नकाशेवाल्यांचा फोन सदा त्यांच्या शर्टाच्या खिशात, आणि दंड खिशापासून वीतभर. दंडावरची चकती खिशातल्या फोनपासून वीस पावलं लांब जाईल कशी?

मागच्या महिन्यातली एक भेटही आठवली. नकाशेवाल्यांच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपके होते. “दंडावर एवढं यंत्र, तरी बोटं टोचता?” सुईकाकांनी चिडवलं होतं. नकाशेवाले म्हणाले होते, “तुझा धंदा बुडू नये म्हणून.”

आणि मंगळवार. सात बाराला रेघ तुटली. सात एक्केचाळीसला पुन्हा सुरू झाली, शहाण्णववर. तिथून चढली आणि आठ दहाला एकशे अठ्ठेचाळीस. झाकलेलं ताट कुणी उघडलं नव्हतं. मग चढली कशानं?

ते उठले आणि आत जाऊन सुनेसमोर उभे राहिले.

“तुझ्या सासूबाई कितीदा हरवल्यात, ते मला सांग. आणि नकाशेनं तुझ्याकडून काय कबूल करून घेतलं होतं, तेही.”

सुनेच्या हातून कप निसटला.

४

“अकरा वेळा,” सून म्हणाली. “मला माहीत असलेल्या. बाबांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शब्द घेतला होता, ताईंना यातलं काही कळता कामा नये. मंगळवारी सकाळीही दोघं आत आल्याचं दार मी ऐकलं. आठच्या सुमारास. ताईंनी विचारलं तेव्हा गिळून टाकलं.”

“का?” लेक दारात उभी होती. “मला का कळायचं नव्हतं?”

 उत्तराची लेकीला गरजच नव्हती. गेल्या वर्षी आई बस डेपोत सापडली, तेव्हा फोनवर तीच म्हणाली होती, “बाबा, आणखी एकदा आई घराबाहेर गेली तर मी तिचं नाव वृद्धांच्या संस्थेत घालणार. अर्ज भरून ठेवलाय. तुमच्याच्यानं हे होणार नाही.” अर्ज अजून पर्समध्ये होता. ते तिच्या हाताकडं बघून सुईकाकांना कळलं. हात पर्सवर गेला आणि तिथंच राहिला.

“चकत्यांचा खोका आणा,” ते म्हणाले.

खोक्यात एक न वापरलेली चकती होती, आणि तिच्याखाली चौघडी केलेला कागद. उलगडला तेव्हा तिघंही वाकले. घराचा नकाशा होता, टोकदार पेन्सिलीनं काढलेला. खोल्या, दारं, फाटक. नकाशेवाल्यांच्या खुर्चीभोवती एक वर्तुळ, शेजारी बारीक अक्षरात ‘वीस पावलं, भिंत मधे आल्यास चौदा.’ वर्तुळाबाहेर रस्ता, वळण, बाक, पाण्याची टाकी, डेपो. आणि अकरा ठिपके. प्रत्येकाशेजारी तारीख आणि वेळ.

सुईकाकांनी आलेख त्याच्या शेजारी पसरला. मंगळवार सोडला, तर जिथं जिथं रेघ तुटली होती, तिथं तिथं ठिपका होता.

“चकती तुझ्या आईच्या पाठीवर आहे,” ते लेकीला म्हणाले. “खांद्याच्या हाडांच्या मधोमध, हात पोचणार नाही अशी. म्हणून ती चौकटीला पाठ घासते. यंत्रानं साखर मोजावी म्हणून नकाशेनं ती तिला लावलीच नव्हती. ती वीस पावलांच्या पलीकडं गेली की फोन ओरडतो, एवढंच त्याला हवं होतं. गजर झाला की तो चपला घालायचा. स्वतःची साखर तो बोटं टोचून बघायचा, आणि तुझ्यासाठी दंडावर मेलेली चकती मिरवायचा. तू आकडे बघून खूश. आकडे तुझ्या आईचे होते.”

लेकीनं स्वतःचा फोन उलटा करून ठेवला.

“मंगळवारी सातला त्यानं इंजेक्शन घेतलं. त्यावर अर्ध्या तासात खायला हवं. सात बाराच्या आधी कधीतरी तुझी आई दाराबाहेर पडली. गजर झाला, आणि ताट सोडून तो निघाला. सात एक्केचाळीसला रेघ परत सुरू झाली, पण दार वाजलं आठला. म्हणजे ती त्याला घरापासून वीसएक मिनिटं लांब सापडली. ती सहजासहजी परत येत नसणार.”

“गोड दिल्याशिवाय उठत नाहीत,” सून म्हणाली. “लहान मुलासारख्या बसून राहतात.”

“त्याच्या खिशात गोडाच्या चारच वस्तू होत्या.” सुईकाकांनी बोट चढत्या रेघेवर ठेवलं. शहाण्णव ते एकशे अठ्ठेचाळीस. चार गोळ्यांना चढ जरा कमीच वाटत होता. पण म्हातारं शरीर, चालणं झालेलं, थोडं इकडं तिकडं व्हायचंच. “ही चढलेली साखर त्याची होती. त्यानं ती तिला दिली, एकेक करून, घरी येईपर्यंत. खुर्चीपर्यंत पोचला. पुढची सहा पावलं उरली नाहीत.”

आयुष्यभर त्यांनी अहवाल असेच दिले होते. आकडा लिहायचा आणि सही करायची, विशेषणं लावायची नाहीत. आज त्यांना पहिल्यांदा वाटलं की अहवालाच्या कागदावर मागची बाजूही असायला हवी होती.

लेक जमिनीवर बसली. तिनं सुनेकडं पाहिलं, आणि सून तिच्याशेजारी येऊन बसली, थोडं अंतर ठेवून.

“तुम्ही माझ्यावर ओरडायचं होतं वहिनी,” लेक म्हणाली. “चार दिवस मी तुम्हाला काय काय बोलले.”

“ओरडले असते तर सगळं सांगावं लागलं असतं.”

लेकीनं खोक्यातली नवी चकती हातात घेतली. मग विचारलं, “आईची चकती कधी संपते?”

“उद्या चौदावा दिवस.”

“ही नवी कशी लावायची, दाखवाल?”

पर्स तिनं उघडली नाही. दूरही सारली नाही.

५

सुईकाका निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. जाताना त्यांनी नकाशेवाल्यांची जोडी उचलून फळीवर ठेवली. वळणावरच्या बाकाशी आले आणि थबकले. नकाशातले अकरापैकी पाच ठिपके याच बाकाशेजारी होते.

नकाशेवाल्यांची बायको बाकावर बसली होती, पायात काही नाही. आत नवी चकती लावायचं दाखवणं चाललेलं असताना ती त्यांच्या मागून नुकतीच निघून आली असणार.

ते शेजारी टेकले. पाच मिनिटं व्हायची होती. नकाशेवाल्यांचा फोन आता लेकीच्या हातात होता, तिला आईचा गजर ऐकू द्यावा, असं त्यांना वाटलं.

“फार उशीर केलात,” ती म्हणाली. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, आणि सुईकाकांना कळलं की ती त्यांच्याकडं पाहत नाहीये. “किती दमलात. घाम बघा कपाळावर.”

“दमलो खरा.”

“मग ही घ्या.” तिनं स्वेटरच्या खिशात हात घातला. तळहातावर साखरेची एक गोळी होती, लोकरीचे तंतू चिकटलेली. “तीन माझ्या, एक तुमची. तुम्हीच तर मोजून दिलीत. म्हणालात, ही सांभाळ, घरी गेल्यावर मला दे. मी सांभाळली. पण तुम्ही बसल्या बसल्या झोपलात. झोपलेल्याला कसं उठवायचं? म्हटलं, उठले की देऊ.”

सुईकाकांना आलेखाचा चढ आठवला. चार गोळ्यांना जरा कमी होता. रेघ बरोबर होती, त्यांनी दिलेला अहवाल चुकला होता. नकाशेवाल्यांनी स्वतःची एक ठेवली होती, आणि ती त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, या खिशात, तिनं जिवापाड जपली होती. एका गोळीनं काही झालं नसतं, कदाचित. कदाचित सहा पावलं झाली असती.

घरात गजर वाजू लागला.

दार उघडलं. लेक धावत येताना दिसली, पायात बापाच्या चपला, दोन अंगुळं मोठ्या, फटक फटक वाजत. तिच्यामागं सून.

“घ्या ना,” नकाशेवाल्यांची बायको म्हणाली.

सुईकाकांनी गोळी उचलली आणि तोंडात टाकली.

“शहाणे माझे,” ती म्हणाली, आणि तिनं त्यांचा हात थोपटला.

लेक पोचली. धाप लागलेली, केस सुटलेले. तिनं आईला दोन्ही हातांनी धरलं, मग सुईकाकांकडं वळली. “काका, काय दिलं हिनं तुम्हाला आत्ता?”

सुईकाकांनी तोंडाकडं बोट दाखवून मान हलवली. गोळी विरघळेपर्यंत त्यांना बोलता येणार नव्हतं, आणि ती त्यांनी चावली नाही.